चित्रकाराचा मुलगा, साताऱ्याचा सिव्हिल सर्जन

आमच्या पिढीच्या कोणत्याही डॉक्टरच्या घरी माळ्यावर किंवा जुन्या ट्रंकेत एक जाडजूड ग्रंथ हमखास सापडतो. पोरे लहान असताना जेवायच्या टेबलाशी उंची पुरावी म्हणून त्याचा उपयोग होतो, मग पापड दाबायला होतो, पण रद्दीत टाकायचे धाडस कोणाला होत नाही. त्याचे नाव ‘ग्रेज ॲनाटमी’. आमच्या वेळी पहिल्या वर्षाला आम्ही त्याला नुसते ‘ग्रे’ म्हणत असू. रात्री ‘ग्रे’ उशाला असायचा, सकाळी काखेत असायचा. त्यातली चित्रे बघून बघून शरीराच्या आतला नकाशा डोक्यात पक्का बसला. ती चित्रे काढली कोणी, हा प्रश्न मात्र आमच्यापैकी एकालाही कधी पडला नाही. ग्रेचे पुस्तक, तेव्हा चित्रेही ग्रेचीच, असे आम्ही धरून चाललो होतो.

ती काढणाऱ्याचे नाव मला कळले ते पुस्तकातून नव्हे, माण तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या पावलावरून.

ही १९७९ सालची गोष्ट. मी एका सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागात हाउसमन होतो. पन्नाशीचे एक गृहस्थ वॉर्डात दाखल होते. उजवे पाऊल सुजून नाचणीच्या भाकरीच्या गोळ्यासारखे टम्म झालेले, तळवा फुगून बाहेर आलेला, आणि वरच्या कातडीवर दहाबारा ठिकाणी लहान लहान तोंडे. त्यांतून पाणी आणि पू झिरपायचा. नवल म्हणजे, दुखत फारसे नव्हते. सात-आठ वर्षांपूर्वी बाभळीचा काटा मोडला होता, एवढेच त्यांना आठवत होते. आम्ही हाडाचा क्षय असे निदान केले आणि क्षयाची औषधे चालू केली. केसपेपरवर ते निदान माझ्याच अक्षरात आहे, किंवा होते. औषधांत स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने होती. त्यांनी मध्ये महिना-दीड महिना थोडा उतार पडला आणि आमचा आमच्या निदानावरचा विश्वास आणखीच घट्ट झाला. पुढे पाऊल पुन्हा बिघडले. शेवटी गुडघ्याखालून पाय काढायचा, असे ठरले. गृहस्थांनी अंगठा दिला. त्यांचा थोरला मुलगा वॉर्डाबाहेरच्या पायरीवर बसून राहिला होता, आणि बागायत नसलेल्या सहा एकरांत एका पायाचा माणूस काय करणार, एवढेच पुन्हा पुन्हा विचारत होता.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी आमच्या पॅथॉलॉजीच्या बाई दुसऱ्याच कोणाला बघायला वॉर्डात आल्या होत्या. जाता जाता त्या या खाटेपाशी थांबल्या, पाऊल निरखले आणि ड्रेसिंगचे जुने गॉज कोणी तपासले आहे का, असे मला विचारले. गॉज तपासायचे असते, हेच मला माहीत नव्हते. ते बादलीत जायचे. बाईंनी त्या रात्री स्वच्छ गॉज बांधायला लावले आणि सकाळी ते उघडून भिंगाखाली धरले. पुवाच्या डागांत खसखशीएवढे पिवळट पांढरे दाणे चिकटलेले होते. त्यांतला एक दोन काचांमध्ये चिरडून त्यांनी रंगवला आणि मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितले. बारीक, फाटे फुटलेल्या, एकमेकांत गुंतलेल्या जांभळ्या धाग्यांचे जाळे दिसले. कोळ्याच्या जाळ्याहूनही नाजूक.

हा क्षय नव्हता. हा होता मायसेटोमा, म्हणजे जुन्या भाषेत मदुरा फूट, आणि तोही जिवाणूंमुळे झालेला. त्याच्यावर औषध होते. ऑपरेशन रद्द झाले. मग बाईंनी आम्हा चार-पाच हाउसमनांना उभे करून विचारले की या रोगाला हे नाव कोणी दिले. कोणालाच सांगता आले नाही. तेव्हा त्या म्हणाल्या की ज्याची चित्रे तुम्ही वर्षभर घोकलीत, त्यानेच. आणि तो तुमच्याच राज्यात, साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता.

हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे त्याचे नाव. तेव्हापासून मी त्याच्या मागे लागलो तो आजतागायत.

कार्टरचा जन्म २२ मे १८३१ रोजी इंग्लंडमधल्या हल या बंदराच्या गावी झाला. वडील जलरंगात समुद्र आणि गलबते रंगवणारे चित्रकार होते. पुढे ते स्कारबरो या समुद्रकाठच्या गावी स्थायिक झाले. मुलाच्या नावात त्यांनी व्हॅन डाइक या थोर चित्रकाराचे नाव घातले, यावरून त्यांची अपेक्षा उघड दिसते. धाकटा भाऊ चित्रकारच झाला. थोरल्याने मात्र वैद्यकाची वाट धरली आणि १८४८ साली, सतरा वर्षांचा असताना, लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलात नाव घातले. हातातली कला सुटली नाही. शवविच्छेदनाच्या टेबलाशी इतर विद्यार्थी टिपणे लिहीत, तेव्हा हा रेखाटत असे.

स्वभावाने तो भिडस्त, धार्मिक आणि स्वतःवर सतत नाराज असणारा होता. त्याच्या रोजनिश्या लंडनमध्ये जतन केलेल्या आहेत. आज काय करायचे राहिले, कोठे आळस झाला, श्रद्धा कोठे डळमळली, याचा हिशेब त्यांत वाण्याच्या खातेवहीइतका काटेकोर आहे. अशी माणसे दुसऱ्याच्या तर सोडाच, स्वतःच्याही चुकीवर पांघरूण घालू शकत नाहीत. पुढे या स्वभावाचा विज्ञानाला फायदा झाला. त्याला स्वतःला किती सुख मिळाले, हा प्रश्न वेगळा.

पदवी घेतल्यावर त्याला रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये शरीरशास्त्राची शिष्यवृत्ती मिळाली. तिथे जॉन क्वेकेट हे सूक्ष्मदर्शकाचे त्या काळातले मोठे जाणकार काम करीत. त्यांच्या हाताखाली कार्टर दोन वर्षे भिंगातून बघायला आणि बघितलेले कागदावर उतरवायला शिकला. हे वाचताना सोपे वाटते. सूक्ष्मदर्शकातून बघणारा नवखा माणूस जे दिसते ते काढत नाही, जे दिसायला हवे ते काढतो. आम्हा विद्यार्थ्यांच्या जर्नलमधली चित्रे अशीच असत. सगळी पुस्तकातून उतरवलेली. समोरचे दिसते तसेच काढायला वेगळी तालीम लागते, आणि ती कार्टरला मिळाली.

त्याच इस्पितळात हेन्री ग्रे नावाचा चार वर्षांनी मोठा, हुशार आणि महत्त्वाकांक्षी अध्यापक होता. विद्यार्थ्यांसाठी शरीरशास्त्राचे एक स्वस्त, नेमके पुस्तक काढावे, अशी कल्पना त्याने १८५५ च्या सुमारास मांडली. मजकूर ग्रेचा, चित्रे कार्टरची. दोघांनी मिळून विच्छेदने केली. कार्टरने साडेतीनशेहून जास्त चित्रे काढली. स्नायू, रक्तवाहिनी, मज्जातंतू यांची नावे त्याने बाजूला यादी करून न देता त्या त्या अवयवावरच लिहिली. विद्यार्थ्याला चित्रावरून यादीकडे आणि यादीवरून चित्राकडे उड्या माराव्या लागू नयेत, हा हेतू. दिसायला केवढीशी युक्ती! पण रात्री दोनला परीक्षेचा अभ्यास करताना तिचे मोल काय असते, ते आम्हाला विचारा.

पुस्तक १८५८ मध्ये निघाले आणि खपतच राहिले. ग्रेला दर हजार प्रतींमागे मानधन होते. कार्टरला एकदाच १५० पौंड मिळाले आणि हिशेब संपला. मुखपृष्ठाच्या आतल्या पानाच्या मुद्रितावर दोघांची नावे जवळजवळ सारख्या आकाराच्या टाइपात होती. ग्रेने कार्टरचे नाव लहान टाइपात घ्यायला लावले आणि मुंबईत त्याला मिळालेल्या प्राध्यापकपदाचा उल्लेखही काटला. ग्रेला सरसकट खलनायक ठरवावे असे मला वाटत नाही. देवीची लागण झालेल्या पुतण्याची शुश्रूषा करता करता तो स्वतः १८६१ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेला. पण हा टाइप लहान करण्याचा प्रकार काही शोभणारा नव्हता.

पुस्तक बाजारात आले तेव्हा कार्टर लंडनमध्ये नव्हताच. १८५८ च्या आरंभी मुंबईच्या वैद्यकीय सेवेत रुजू होऊन तो बोटीत बसला होता. सत्तावनच्या उठावाची धग अजून विझलेली नव्हती. अशा वेळी हा लाजाळू तरुण मुंबईला उतरला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकवू लागला. शेजारीच जमशेटजी जीजीभाई इस्पितळ. १८५९ साली मुंबईतच त्याने लग्न केले. त्या लग्नात त्याची फसगत झाली, मनस्ताप झाला, एक मुलगी झाली आणि संसार मोडला. त्याविषयी याहून जास्त लिहिण्याची गरज नाही.

मुंबईत कार्टरच्या नजरेस पडले ते कॉलेजच्या संग्रहालयातल्या बरण्यांमध्ये ठेवलेले कापलेले पाय. मदुरेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी १८४० च्या दशकात या रोगाविषयी लिहिले होते आणि त्यावरूनच मदुरा फूट हे नाव पडले होते. रोग मात्र मदुरेपुरता नव्हता. आपल्याकडे फार जुन्या काळापासून तो असावा. सुश्रुतसंहितेत ‘वल्मीक’ नावाच्या विकाराचे वर्णन आहे. वल्मीक म्हणजे वारूळ. हातापायावर हळूहळू वाढणारी, अनेक तोंडांनी वाहणारी गाठ. ज्याने मदुरा फूट प्रत्यक्ष पाहिले आहे, त्याला यापेक्षा चांगली उपमा सुचणार नाही.

वारुळाच्या आत काय आहे, हे कोणी बघितले नव्हते. कार्टरने ते पाय उभे चिरले. कातडीवरच्या प्रत्येक तोंडापासून आत एक वाट जात होती. ती कातडीखालच्या चरबीतून स्नायूत आणि स्नायूतून हाडात, अशी फाटे फोडत शिरली होती. या वाटांच्या टोकांशी असलेल्या पोकळ्यांत दाणे होते. काही पावलांत काळे, तोफेच्या दारूसारखे. काही पावलांत फिके, मासळीच्या गाबोळीसारखे. काळे दाणे त्याने भिंगाखाली ठेवले, तेव्हा बुरशीचे धागे आणि पेशी स्पष्ट दिसल्या. १८६० साली मुंबईच्या वैद्यकीय सभेच्या नियतकालिकात त्याने हे प्रसिद्ध केले आणि रोगाला मायसेटोमा म्हणजे बुरशीची गाठ असे नाव दिले.

हे वर्ष लक्षात ठेवण्याजोगे आहे. सूक्ष्म जीव माणसाला रोग करतात ही गोष्ट तेव्हा सर्वमान्य तर नव्हतीच, बहुतेकांना हास्यास्पद वाटत होती. रॉबर्ट कॉख तेव्हा शाळेत होता. आणि मुंबईतला एक एकोणतीस वर्षांचा प्राध्यापक सांगत होता की स्नायू आणि हाड पोखरणारा हा रोग बाहेरून आत शिरलेल्या एका सूक्ष्म वनस्पतीचा आहे. बुरशीला तेव्हा वनस्पतींतच धरत.

इथवर सारे बरोबर होते. अडचण आली ती फिक्या दाण्यांपाशी. त्यांत कार्टरला बुरशी तशी स्पष्ट दिसेना. काळे आणि फिके हे दोन प्रकार त्याने प्रामाणिकपणे वेगळे ठेवले, वेगळे रंगवले, त्यांना वेगळी नावे दिली. पण पाऊल तसेच सुजते, तोंडे तशीच पडतात, माणसे तीच, अनवाणी शेतात राबणारी. तेव्हा रोग एकच असला पाहिजे आणि कारणही एकच, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याच्या जागी कोणीही हेच केले असते. त्यातच फिक्या दाण्यांच्या एका नमुन्यावर लालसर बुरशी उगवली. हीच ती, असे त्याला वाटले. इंग्लंडमधल्या बर्कली या बुरशीतज्ज्ञाने तिला कार्टरचेच नाव दिले. ती बुरशी बाहेरून येऊन बसलेली होती. तिचा रोगाशी काडीचा संबंध नव्हता. लोणच्याच्या बरणीवर बुरशी आली म्हणून कैरी झाडावरच नासलेली होती असे म्हणण्यापैकीच हे झाले.

माझ्या केसपेपरची मला इथे आठवण होते. स्ट्रेप्टोमायसिनने उतार पडला, म्हणून क्षयच. बुरशी उगवली, म्हणून बुरशीच. फरक एवढाच की कार्टरने आपल्या चुकीबरोबर नमुन्यांची इतकी नेमकी चित्रे आणि वर्णने ठेवली होती की ती पाहून दुसऱ्या कोणालाही ती चूक सापडावी. माझ्या केसपेपरवर तसे काहीच नव्हते.

१८६३ मध्ये त्याची साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून नेमणूक झाली. तिथल्या तुरुंगाची देखरेखही त्याच्याकडेच होती. १८७२ पर्यंत, म्हणजे नऊ वर्षे तो साताऱ्यात राहिला. राजधानीतल्या कॉलेजातून जिल्ह्याला बदली म्हणजे आजच्या सरकारी नोकरालाही शिक्षाच वाटते. कार्टरचे मात्र काम थांबले नाही. खुद्द शेतकऱ्यांच्या पायांशी तो आता येऊन पोहोचला होता. इलाख्यातल्या निरनिराळ्या ठिकाणच्या डॉक्टरांकडून त्याने रोग्यांच्या नोंदी आणि नमुने जमवले, स्वतः तपासले, रंगवले. उपाय एकच होता, पाय कापणे. क्लोरोफॉर्म आलेला होता, तेवढीच दया. कार्टरच्या चित्रांतले प्रत्येक पाऊल हे कोणाचे तरी गेलेले पाऊल आहे, हे ती चित्रे बघताना विसरता येत नाही. या सगळ्याचा ग्रंथ रंगीत चित्रांसह १८७४ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला.

त्याच्या आयुष्याचा दुसरा मोठा धागा कुष्ठरोगाचा. तोही जिवाणूंचाच, कातडीचा आणि मज्जातंतूंचा. मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड त्या काळी कुष्ठरोगावरच्या औषधाच्या शोधात होते. कार्टरने इलाख्यातल्या रोग्यांची पाहणी केली आणि रजेवर युरोपात गेल्यावर १८७३ साली स्वखुशीने नॉर्वे गाठले. तिथे बर्गेन गावी आर्मावर हॅन्सन याला त्याच वर्षी कुष्ठरोग्यांच्या गाठींत दंडाकार जिवाणू दिसले होते. हॅन्सनवर तेव्हा फार थोड्यांचा विश्वास होता. लंडनच्या मान्यवर वैद्यांचे मत तर हा रोग आनुवंशिक आहे, असेच होते. कार्टरने हॅन्सनचे काम समजून घेतले, इंग्रजीत आणले आणि रोग संसर्गाने होतो हे हिंदुस्थान सरकारला कळवले. १८७५ च्या सुमारास परत येऊन तो काठेवाडात कुष्ठरोग्यांच्या पाहणीसाठी हिंडला.

मग १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला. दख्खनमधून भुकेलेली माणसे मुंबईत लोटली आणि त्यांच्यात उलटून उलटून येणाऱ्या तापाची साथ पसरली. कार्टर तेव्हा गोकुळदास तेजपाल इस्पितळात होता. रोग्यांच्या रक्तात मळसूत्रासारखे वळवळणारे जंतू त्याने दाखवले आणि माकडांना टोचून हा ताप एकाकडून दुसऱ्याकडे जातो, हे सिद्ध केले. तो ताप त्याला स्वतःलाही झाला. पुढे तो ग्रँट मेडिकल कॉलेजचा प्राचार्य झाला. हिवतापाचे परजीवी मुंबईच्या रोग्यांत प्रथम ओळखणाऱ्यांतही त्याचे नाव आहे. एवढे सगळे एका माणसाने केले, आणि पुस्तकांत त्याला एकेक ओळ मिळाली.

मायसेटोमाकडे परत येतो, कारण माझा जीव तिथे अडकला आहे.

ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि वर्षभरातच कलकत्त्याच्या लुइस आणि कनिंगहॅम या दोन संशोधकांनी त्यावर हल्ला चढवला. बुरशी रोगाचे कारण नसून ती मागाहून आलेली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. लाल बुरशीपुरते ते बरोबर होते, काळ्या दाण्यांपुरते चूक. अर्धे बरोबर असलेले टीकाकार फार त्रास देतात. कार्टरने मत सोडले नाही. पण १८७७ पासून युरोपात एक नवा रोग चर्चेत आला. गुरांच्या जबड्यात गाठ येते, ती फुटून वाहते आणि पुवात पिवळट दाणे सापडतात. भिंगाखाली त्या दाण्यात मधून बाहेर किरणांसारखे पसरलेले धागे दिसत. त्या जंतूला अॅक्टिनोमायसीज म्हणजे किरण-बुरशी असे नाव पडले. ही वर्णने वाचून कार्टरला आपल्या साताऱ्या-मुंबईचे फिके दाणे आठवले. १८८६ साली, मूळ निबंधानंतर सव्वीस वर्षांनी, पंचावन्न वर्षांच्या या माणसाने दोहोंतले साम्य जाहीरपणे दाखवून दिले. त्याचा अर्थ उघड होता. फिके आणि काळे ही एकाच रोगाची दोन रूपे नसावीत. ज्या नावाने तो ओळखला जात होता, त्या नावालाच त्यामुळे धक्का बसत होता.

किरण-बुरशी ही बुरशी नाहीच, तो धाग्यासारखा वाढणारा जिवाणू आहे, हे पक्के व्हायला पुढे विसावे शतक उजाडावे लागले. पण वाट दिसली होती. १८९३-९४ मध्ये बॉइस आणि मुंबईचे पारशी डॉक्टर एन. एफ. सर्व्हेयर या दोघांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे काळ्या आणि फिक्या दाण्यांचा भेद मांडला. १८९४ मध्येच अल्जीरियातल्या एका रोग्याच्या फिक्या दाण्यांतून व्हिन्सेंट या फ्रेंच डॉक्टरने जंतू वाढवून दाखवला. त्याच्या आजच्या नावातही मदुरा आहे.

आज निदान कसे करतात, ते थोडक्यात सांगतो. कोणाच्या तरी घरी असे पाऊल असेल. पावलाला, क्वचित हाताला किंवा पाठीला, वर्षानुवर्षे वाढत जाणारी न दुखणारी सूज, वाहणारी तोंडे आणि पुवातून पडणारे दाणे, या तीन गोष्टी एकत्र असल्या की मायसेटोमाची शंका घ्यायची. दाणे काळे असतील तर बुरशी. लाल असतील तर जिवाणू. पांढरे किंवा पिवळे असतील तर दोहोंपैकी काहीही असू शकते, आणि खरी परीक्षा तिथेच आहे. दाणा चिरडून किंवा आतला तुकडा काढून तो रंगवावा लागतो. डेन्मार्कच्या ग्रॅम या डॉक्टरने १८८४ मध्ये शोधलेला जांभळा रंग जिवाणूंचे धागे पकडतात. ते फार बारीक असतात, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके किंवा त्याहूनही कमी. बुरशीचे धागे त्याच्या कितीतरी पट जाड. मग जंतू प्रयोगशाळेत वाढवून त्याचे नेमके नाव ठरवतात. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये आतले दाणे आणि पोकळ्याही दिसतात. एवढा खटाटोप अशासाठी की जिवाणूचा मायसेटोमा अनेक महिने चिकाटीने औषध घेतल्यास बहुधा बरा होतो. बुरशीचा फार चिवट. त्यात औषधे जास्त काळ लागतात, शस्त्रक्रिया करावी लागते आणि अजूनही कधी कधी पाय जातो. एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये मायसेटोमाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले. कार्टरने दिलेले नाव अर्धे चूक आहे, हे ठाऊक असूनही जगभर तेच चालते.

१८८८ मध्ये कार्टर तीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त होऊन स्कारबरोला परतला. १८९० साली, एकोणसाठाव्या वर्षी त्याने पुन्हा लग्न केले. दोन मुले झाली. राणीचा मानद सर्जन म्हणूनही त्याची त्याच वर्षी नेमणूक झाली. तेवढी सात वर्षे त्याला घर मिळाले, असे म्हणायचे. मुंबईत प्लेगने थैमान घातले होते, त्या १८९७ सालच्या ४ मे रोजी तो क्षयाने गेला. ज्या क्षयाचा शिक्का मी एका बिनक्षयाच्या पावलावर मारला होता, त्याच क्षयाने.

त्या माणच्या गृहस्थांना आम्ही स्ट्रेप्टोमायसिन आणि को-ट्रायमोक्साझोल दिले, या वेळी कारण समजून आणि पुरेसा काळ. दहा महिन्यांनी शेवटचे तोंड मिटले. पाऊल ओबडधोबड राहिले, पण राहिले. यापुढे चपलेशिवाय रानात पाऊल टाकायचे नाही, असे मी त्यांना दर खेपेला बजावत असे आणि ते मान डोलवत. वर्षाने ते तपासणीला आले तेव्हा जोंधळ्याची छोटी गोणी मुलाच्या खांद्यावर होती आणि ते स्वतः एसटी स्टँडपासून चालत आले होते, अनवाणी. मी रागावलो. त्यांनी पिशवीत हात घालून वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेल्या चपला काढून दाखवल्या. नव्या होत्या, वाटेत झिजू नयेत म्हणून जपल्या होत्या.